इंग्रजीतील रंगवाचक शब्द मराठीत आणताना: अनुवादकासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

'ही वॉज इन अ ब्राउन स्टडी' या वाक्याचे 'तो तपकिरी अभ्यासिकेत बसला होता' असे भाषांतर एकदा माझ्याकडे तपासणीसाठी आलेल्या हस्तलिखितात होते. इथे स्टडी म्हणजे खोली नव्हे आणि ब्राउन हा तिच्या भिंतींचा रंगही नव्हे. जुन्या इंग्रजीत 'स्टडी' हा शब्द विचारात बुडालेल्या मनःस्थितीसाठी आणि 'ब्राउन' हा उदास, झाकोळलेला अशा अर्थाने वापरला जात असे, आणि ते दोन अर्थ या एका जोडशब्दात तेवढे टिकून राहिले. तो माणूस आपल्याच विचारात गढून गेला होता, इतकेच लेखकाला सांगायचे होते. अनुवादकाचे इंग्रजी कच्चे नव्हते. चुकला होता तो कामाचा क्रम. रंगाचा मराठी शब्द आधी मनात उमटला आणि बाकीचे वाक्य त्याच्याभोवती जुळवून घेतले गेले.

कथा, बातम्या, लेख आणि चित्रपटांची उपशीर्षके मराठीत आणणाऱ्यांकडून ही चूक इतक्या वेळा होते, की तिच्यासाठी स्वतंत्र कार्यपद्धती मांडणे मला आवश्यक वाटते. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत, कारण मराठी प्रतिशब्द शोधण्याचे काम त्यात मुद्दाम चौथ्या क्रमांकावर ठेवले आहे.

पूर्वतयारी

मजकूर प्रथम सलग वाचून काढावा आणि त्या वाचनात काहीही भाषांतरित करू नये. पेन्सिलीने प्रत्येक रंगवाचक शब्दाखाली रेघ मारावी. काळा, पांढरा, तांबडा या उघड रंगांबरोबर 'पेल', 'डार्क', 'फेअर', 'रोझी', 'स्कार्लेट', 'ॲम्बर' हे शब्द आणि खुद्द 'कलर' हा शब्दही यात धरावा. 'कलर' बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, आणि सर्वाधिक फसवणारा शब्द तोच आहे.

नंतर वहीत चार रकाने आखावेत: मूळ शब्दप्रयोग, बोलणारी व्यक्ती, देश व काळ, आणि त्या जागी असलेला भाव. मराठी प्रतिशब्दाचा रकाना अजून आखू नये. जवळ एक ब्रिटिश आणि एक अमेरिकी कोश असावा, आणि मराठीसाठी मोल्सवर्थचा कोश असावा. त्याच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत मराठी रंगवाचक शब्दांचे जे लाक्षणिक अर्थ नोंदवलेले आहेत, त्यांतले पुष्कळ आजही बोलण्यात आहेत आणि आयत्या वेळी आपल्याला आठवत नाहीत.

टप्पा १: रंग खरा आहे का, हे ठरवणे

प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारावा: या वाक्याचे चित्र काढायचे झाले, तर चित्रकाराला हा रंग कुंचल्यावर घ्यावा लागेल का?

उत्तर 'हो' असेल, तर काम बहुधा सोपे असते. उत्तर 'नाही' असेल, तर तो शब्द लाक्षणिक आहे आणि पुढचे सर्व टप्पे त्याच्यासाठी आहेत. अडचण होते ती मधल्या गटात, जिथे रंग हा वस्तूच्या नावाचा भाग बनलेला असतो. 'ब्लॅक टी' म्हणजे कोरा चहा. 'काळा चहा' असे मराठी घरांत सहसा म्हटले जात नाही. 'व्हाइट कॉफी' म्हणजे दूध घातलेली कॉफी, जिचा रंग पांढरा नसतो. 'ब्लॅक आय' म्हणजे मार बसून काळानिळा पडलेला डोळा. काळेभोर डोळे बहुवचनात येतात, ते वेगळे. विमानाच्या 'ब्लॅक बॉक्स'ला मराठी बातम्यांत 'काळी पेटी' म्हटलेले आढळते, पण ती पेटी अपघातानंतर ढिगाऱ्यात पटकन सापडावी म्हणून प्रत्यक्षात भडक नारिंगी रंगाची असते. तिला 'ब्लॅक बॉक्स'च म्हणावे, नाहीतर त्याच बातमीसोबत छापलेले छायाचित्र आपल्या शब्दाला खोटे पाडते.

सावधान: काही ठिकाणी रंग खरा असूनही मराठीत भलत्याच भावनेशी जोडलेला असतो. इंग्रजीत माणूस 'व्हाइट विथ रेज' होतो, म्हणजे संतापाने त्याच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरते. मराठीत माणूस भीतीने पांढराफटक पडतो आणि रागाने लालबुंद होतो. 'रागाने पांढराफटक' लिहिले, तर वाचक क्षणभर अडखळतो. 'लालबुंद' लिहिले, तर लेखकाने जे थंड, आतल्या आत गोठलेले संतापाचे चित्र रंगवले ते नाहीसे होते. 'संतापाने त्याच्या चेहऱ्यावरचे रक्तच उतरले' असे लिहिल्यास दोन्ही गोष्टी सांभाळल्या जातात.

टप्पा २: देश आणि काळ निश्चित करणे

इंग्रजी अनेक देशांत बोलली जाते आणि रंगांचे अर्थ सीमेवर बदलतात. ब्रिटनमध्ये 'ऑफ कलर' म्हणजे तब्येत जराशी बरी नसणे. अमेरिकेत 'ऑफ कलर' विनोद म्हणजे चावट, अशिष्ट विनोद. आजीबाई आज 'ऑफ कलर' आहेत, या ब्रिटिश वाक्याचे अमेरिकी अर्थाने भाषांतर झाले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. ऑस्ट्रेलियात 'ब्लू' म्हणजे भांडण, आणि तांबूस केसांच्या माणसाला तिथे लाडाने 'ब्लूई' म्हणतात. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या खेळाडूला 'ब्लू' मिळाला, तर तो विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचा सन्मान असतो.

राजकीय रंग सर्वाधिक काळजीने तपासावेत. अमेरिकेत रिपब्लिकन पक्षासाठी लाल आणि डेमोक्रॅटिक पक्षासाठी निळा ही विभागणी २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दूरचित्रवाणी वार्तांकनापासून रूढ झाली. त्याआधी वाहिन्या हे रंग आपापल्या पसंतीने वापरत असत. म्हणून १९८० च्या दशकातील अमेरिकी लेखात 'रेड' शब्द आला, तर तो बहुधा साम्यवाद्यांविषयी असतो, आणि आजच्या लेखात 'रेड स्टेट' आले, तर ते रिपब्लिकन वर्चस्वाचे राज्य असते. ब्रिटनमध्ये याच्या उलट मजूर पक्ष लाल आणि हुजूर पक्ष निळा आहे.

मराठी वाचकासाठी तर या दोन्ही रंगांना आधीच पक्के अर्थ आहेत. 'लाल राज्य' वाचल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर लाल बावटा येतो. 'ट्रू ब्लू' म्हणजे ब्रिटनमधला निष्ठावंत हुजूरपक्षीय, पण त्याला 'अस्सल निळा कार्यकर्ता' म्हटले, तर महाराष्ट्रातला वाचक तो आंबेडकरी चळवळीतला कार्यकर्ता समजणार, आणि त्याचे तसे समजणे अगदी स्वाभाविक आहे. अशा जागी रंग गाळून पक्षाचे नाव लिहावे.

तपासणी: वहीतील देश-काळाच्या रकान्यात एकही जागा रिकामी नसावी. लेखक कोणत्या देशाचा आहे एवढे पुरत नाही, कारण कादंबरीतले पात्र दुसऱ्या देशाचे असू शकते.

टप्पा ३: भाव ओळखणे

एकाच रंगाला इंग्रजीत परस्परविरोधी भाव असतात, आणि कोश ते सगळे एकाखाली एक देऊन मोकळा होतो. त्यांतला आपला कोणता, हे मागच्यापुढच्या वाक्यांवरून आपल्यालाच ठरवावे लागते. 'ब्लू' घ्या. उदास माणूस ब्लू असतो, अश्लील चित्रपट ब्लू असतो, उमरावांचे रक्त ब्लू असते, आणि भरवशाच्या कंपनीचा समभाग 'ब्लू चिप' असतो. हा शेवटचा अर्थ पोकरच्या खेळातील सर्वांत मोलाच्या निळ्या सोंगटीवरून आला.

पण मराठी अनुवादकाला सर्वांत जास्त अडचणीत आणतो तो 'ग्रीन', म्हणून त्याच्याजवळ थोडे थांबू या. 'ग्रीन विथ एन्व्ही' म्हणजे मत्सराने जळणारा. 'ही इज स्टिल ग्रीन' म्हणजे अजून नवखा, कामात कच्चा. 'ग्रीन अराउंड द गिल्स' म्हणजे मळमळून चेहरा उतरलेला. पर्यावरणाची बाजू घेणारे धोरणही ग्रीन असते. यांखेरीज आणखी एक जुना, सुंदर अर्थ आहे: 'अ ग्रीन ओल्ड एज', म्हणजे उतारवयातही टिकून राहिलेली टवटवी. एका चरित्राच्या अनुवादात मी याचे 'हिरवट म्हातारपण' असे रूप पाहिले आहे. मराठीत 'हिरवट म्हातारा' कोणाला म्हणतात, हे अनुवादकाला ठाऊक नव्हते असे मी मानत नाही. इंग्रजी वाक्य समोर असताना त्याचा मराठी कान बंद झाला होता. एका सन्मान्य वृद्धाचा गौरव करणारे वाक्य त्या एका प्रत्ययामुळे त्याच्या चारित्र्यावरचा शिंतोडा बनले. 'ऐंशीतही त्यांची उमेद ताजी होती' एवढे लिहिले असते तरी पुरे होते.

पिवळ्याचेही असेच आहे. इंग्रजीत 'यलो' म्हणजे भेकड. व्हिक्टोरियन काळात इंग्लंडमध्ये रेल्वेस्थानकांवरील दुकानांत पिवळ्या वेष्टनाच्या स्वस्त कादंबऱ्या विकल्या जात आणि त्यांना 'यलोबॅक' म्हणत. त्या करमणुकीच्या, पण घरात उघडपणे वाचण्यासारख्या होत्या. त्यांना 'पिवळी पुस्तके' म्हटले, की मराठी वाचकाच्या लेखी त्या थेट अश्लील ठरतात. म्हणजे इंग्रजीत अश्लीलता निळी आहे आणि मराठीत पिवळी. ही अदलाबदल ध्यानात ठेवली, तर दोन्ही बाजूंच्या चुका टळतील.

सावधान: मराठीत अमंगळ असलेला रंग इंग्रजीत मंगल असू शकतो. पांढऱ्या पायाची, पांढऱ्या कपाळाची हे आपल्याकडचे क्रूर शब्द आहेत आणि पांढरे लुगडे वैधव्याचे समजले जाई. 'व्हाइट वेडिंग'मधला पांढरा याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. १८४० साली राणी व्हिक्टोरियाने विवाहात पांढरा पोशाख घातला आणि त्यानंतर नववधूने पांढरे नेसण्याची पद्धत हळूहळू पसरली. तिथे 'नववधूचा शुभ्र पोशाख' लिहिले, तर 'शुभ्र' हा शब्द भावाची बाजू सांभाळतो. 'पांढरी' आणि 'शुभ्र' यांतला हा फरक वापरायला शिकावे; मराठीची ती सोय इंग्रजीत एका शब्दात नाही.

टप्पा ४: मराठी पर्याय निवडणे

आता वहीत पाचवा रकाना आखावा. पर्याय पुढील क्रमाने शोधावेत आणि वरचा मिळाला, तर खाली उतरू नये.

पहिली पसंती, दोन्ही भाषांत रंगासकट जुळणाऱ्या प्रयोगांना. असे प्रयोग थोडे आहेत, पण आहेत. 'ब्लॅक अँड ब्लू' होईपर्यंत मारणे म्हणजे अंग काळेनिळे होईपर्यंत मारणे. 'इन ब्लॅक अँड व्हाइट' मागणे म्हणजे पांढऱ्यावर काळे करून मागणे; फक्त रंगांचा क्रम उलटा होतो. 'व्हाइट कॉलर'साठी 'पांढरपेशा' हा शब्द आपल्याकडे आहेच, त्यामुळे 'पांढरी कॉलर' लिहिण्याचे काही कारण नाही. 'ब्लू कॉलर'ला मात्र असा रंगाचा जोडीदार नाही. तिथे 'श्रमिक' किंवा 'कामगार' लिहावे.

दुसरी पसंती, मराठीत मुरलेल्या भाषांतरित शब्दांना. काळा बाजार, काळी यादी, श्वेतपत्रिका, लालफीतशाही, पीत पत्रकारिता, पांढरा हत्ती, हिरवा कंदील, ढगाची रुपेरी किनार हे सारे इंग्रजीच्या वाटेने आले आणि आता आपलेच झाले आहेत. त्यांना हटवून नवे शब्द घडवू नयेत. यांच्या जोडीला आपण स्वतः नवे शब्द घुसवण्याचा मोहही टाळावा. 'निळ्या डोळ्यांचा मुलगा', 'लाल हेरिंग' आणि 'पांढरे खोटे' हे अजून मराठीत मुरलेले नाहीत.

तिसरी पसंती, रंग नसलेल्या पण तोच भाव असलेल्या मराठी वाक्प्रचाराला. बहुतेक नोंदी इथेच सुटतात आणि अनुवादाला खरा जिवंतपणा इथेच येतो. 'ब्लू-आइड बॉय' म्हणजे गळ्यातला ताईत. 'रेड कार्पेट' अंथरणे म्हणजे पायघड्या घालणे. 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे सठीसहामाशी. 'आउट ऑफ द ब्लू' म्हणजे ध्यानीमनी नसताना. 'सी रेड' म्हणजे तळपायाची आग मस्तकाला जाणे. घराण्यातला 'ब्लॅक शीप' म्हणजे दिवटे चिरंजीव किंवा, भाव अधिक कडवट असेल तर, कुलांगार. फलंदाज 'पर्पल पॅच'मधून जात असेल, तर तो बहरात आहे. मालती बाईंच्या हातचे रोप कधी मरत नाही, असे म्हणायचे असेल, तेव्हा ब्रिटिश माणूस 'ग्रीन फिंगर्स' आणि अमेरिकी माणूस 'ग्रीन थंब' म्हणतो. आपण 'त्यांच्या हाताला गुण आहे' म्हणतो.

चौथी पसंती, साध्या विधानाला. 'व्हाइट लाय' म्हणजे समोरच्याचे मन राखण्यासाठी बोललेले खोटे. 'रेड हेरिंग' म्हणजे मुद्दाम पेरलेला, दिशाभूल करणारा धागा. खारवून धुरावलेल्या या तांबूस माशाच्या उग्र वासाने शिकारी कुत्र्यांचा माग चुकवल्याची गोष्ट विल्यम कॉबेट या पत्रकाराने १८०७ साली लिहिली आणि तिथून हा लाक्षणिक अर्थ फैलावला. रहस्यकथेच्या वाचकाला त्या क्षणी मासा नको असतो, धागा हवा असतो.

सावधान: 'कलर्स' हा शब्द बहुवचनात आला, तर तो बहुधा ध्वज असतो. 'विथ फ्लाइंग कलर्स' हे लढाईनंतर निशाण फडकवत परतणाऱ्या जहाजावरून आले, म्हणून त्याचा अर्थ घवघवीत यश मिळवणे. मराठीत चेहऱ्याचा रंग उडणे याचा अर्थ घाबरणे आहे, त्यामुळे रंग आणि उडणे हे दोन शब्द या वाक्यात जवळजवळ येऊ देऊ नयेत. 'ट्रू कलर्स' दाखवणे मात्र आपल्या 'रंग दाखवणे' याच्याशी चांगले जुळते.

टप्पा ५: रंग पुढे लागणार आहे का, हे पाहणे

चौथ्या टप्प्यात रंग गाळल्यावर एक धोका उरतो. लेखकाने तोच रंग पुढच्या पानावर पुन्हा वापरला असेल, तर आपण तोडलेला धागा तिथे लोंबत राहतो. म्हणून प्रत्येक गाळलेला रंग संपूर्ण मजकुरात शोधून पाहावा. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकाच्या तिसऱ्या अंकात इयागो हे पात्र मत्सराला हिरव्या डोळ्यांचा राक्षस म्हणतो, आणि त्या ओळीत तो राक्षस आपल्या भक्ष्याशी खेळतो. तिथे नुसते 'मत्सर' लिहून भागत नाही, कारण डोळे गेले की राक्षसही जातो आणि त्याचा खेळही जातो. रंग ठेवावा, हिरवे डोळे मराठीत मत्सराचे नसले, तरी ओळीतच मत्सराचे नाव असल्यामुळे वाचक चुकत नाही.

याहून अवघड असते ती कृतीतून बोलणारी खूण. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१४ सालापासून, ब्रिटनमध्ये सैन्यात न गेलेल्या तरुणांना भर रस्त्यात पांढरे पीस देण्याची मोहीम चालली. ते पीस म्हणजे भेकडपणाचा शिक्का होता. त्या काळातल्या एखाद्या कथेत एक मुलगी ट्रॅममध्ये चढते, समोरच्या तरुणाच्या कोटावर पांढरे पीस खोचते आणि काही न बोलता उतरते. मराठी वाचकाला पीस म्हटले की शिरपेचातला तुरा आठवतो, आणि तो हा प्रसंग प्रेमाचा किंवा सन्मानाचा समजून पुढे जातो. तळटीप दिली, तर प्रसंगाचा ताण तिथेच मरतो. माझ्या मते अशा जागी दोनच शब्द वाक्यात मिसळावेत: 'भेकडांना देतात ते पांढरे पीस तिने त्याच्या कोटावर खोचले.' मूळ लेखकाच्या वाचकाला जे ठाऊकच होते, तेवढेच आपण आपल्या वाचकाला दिले.

तपासणी: वाक्यात मिसळलेले स्पष्टीकरण चार-पाच शब्दांपेक्षा लांब होत असेल, तर ते प्रस्तावनेत न्यावे.

टप्पा ६: माणसांविषयीचे रंग वेगळे काढणे

या नोंदींना हात लावण्याआधी त्या वहीच्या वेगळ्या पानावर उतरवाव्यात, कारण इथली चूक नुसती भाषेची राहत नाही. आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी 'ब्लॅक' हा शब्द आला, तर 'कृष्णवर्णीय' लिहावे. अमेरिकेतील असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जून २०२० पासून या अर्थाच्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे छापण्यास सुरुवात केली, कारण तो समाजाचे नाव म्हणून वापरला जातो. देवनागरीत ही खूण करता येत नाही, म्हणून 'कृष्णवर्णीय समाज' असा पूर्ण उल्लेख करणे बरे. 'पीपल ऑफ कलर' हा आजचा स्वीकारलेला शब्द आहे, आणि 'कलर्ड' हा आता अपमानकारक मानला जाणारा जुना शब्द आहे. दक्षिण आफ्रिकेत मात्र 'कलर्ड' हे एका विशिष्ट मिश्रवंशीय समाजाचे नाव आहे आणि १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यातील तो एक वर्ग होता. तिथे तो शब्द तसाच ठेवावा. वंशद्वेष्ट्या पात्राच्या तोंडचा शब्द मात्र सौम्य करू नये. निवेदकाची भाषा आणि पात्राची भाषा यांतले अंतर राखणे हे अनुवादकाचे काम आहे.

'डार्क' आणि 'फेअर' हे दोन शब्द आपण आपल्या गोऱ्या-सावळ्याच्या चष्म्यातून वाचतो. 'टॉल, डार्क अँड हँडसम' या जुन्या प्रयोगातला 'डार्क' बहुतेकदा काळ्या केसांचा असतो, त्यामुळे नायकाला 'सावळा' ठरवण्याआधी पुढे कुठे त्याच्या कांतीचे वर्णन आहे का ते पाहावे. जुन्या कवितेतली 'फेअर' स्त्री बहुधा नुसती सुंदर असते. तिला गोरी केली, तर मूळ कवीने न सांगितलेली आपली आवड आपण तिच्यावर लादली असे होते.

टप्पा ७: मूळ बाजूला ठेवून तपासणे

मसुदा किमान एक दिवस मिटून ठेवावा. नंतर इंग्रजी मजकूर दुसऱ्या खोलीत ठेवून फक्त मराठी मोठ्याने वाचावे आणि ज्या वाक्यात रंग आहे तिथे थांबून पाहावे, की मूळ न वाचलेल्या माणसाला यातून काय समजेल. शक्य असेल, तर इंग्रजीशी फारसा संबंध नसलेल्या घरातल्याच कोणाला तेवढी वाक्ये वाचून दाखवावीत. 'म्हणजे काय?' असे त्यांनी विचारले, तर ती नोंद चौथ्या टप्प्यावर परत न्यावी. ते काहीच न विचारता हसले किंवा संकोचले, तर ती तिसऱ्या टप्प्यावर न्यावी, कारण भाव चुकलेला आहे.

शेवटी वहीतला पाचवा रकाना वरून खाली सलग वाचावा. एकच इंग्रजी प्रयोग तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी उतरला असेल, तर ते जाणूनबुजून केले आहे का हे त्या तिन्ही जागी स्वतंत्रपणे पाहावे, आणि तसे नसेल, तर मजकूर छपाईला देण्याआधी त्यांतला एक पर्याय कायम करावा.